त्या गावात आजी नव्हती

अल मजाज, शारजा
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

सुरुची,

नावाआधी चि. लिहायचं, सौ. लिहायचं की दोन्ही, या विचारात चहा गार झाला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. राग मानायचा तर मान.

पत्र बघून तुला हसू येईल. तुमचं रास अल खैमा इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर, घरात तीन फोन, आणि सासूबाई कागद-पेन घेऊन बसल्या आहेत. पण फोनवर आपलं काय होतं ते तू जाणतेस. दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो, तिसऱ्याला तू गप्प होतेस आणि दिया दाराआड उभी राहून सगळं ऐकते. कागदावर मला निदान थांबता तरी येतं. खैरुद्दीन दर गुरुवारी अजमानच्या गोदामातून आपला लोणच्या-मसाल्याचा माल घेऊन तुमच्याकडच्या दुकानांत टाकायला येतो. त्याच्या हाती हे पाठवते आहे.

तुझा निरोप ह्यांनी वाचून दाखवला. डिसेंबरची सुट्टी लागली की दियाला घेऊन जाणार, जानेवारीपासून ती तिथल्या शाळेत. प्रवेश झालेला आहे, फक्त गणवेशाचं माप हवं आहे. माप मी कळवणार नाही. कायमची घेऊन जायची गोष्ट माझ्यासमोर काढू नकोस. ती इथे जन्मली, याच खोलीत रांगली, आणि माझ्या कुणालचं आता एवढंच उरलं आहे.

तुझी बाजू मला तोंडपाठ आहे. कुणाल फेब्रुवारीत गेला, ऑफिसच्या खुर्चीत बसल्या जागी. नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईला नवरा गेल्यावर इथे वर्षाची मुदत मिळते, नोकरी तुला लागत नव्हती, माहेरी आता कुणी नाही. वेदचीही बायको, अस्मी, आजारपणात गेलेली. मुलगा सरळ आहे, सिरॅमिकच्या कारखान्यात कायमची नोकरी आहे. सगळं मान्य. पण ऑगस्टमध्ये रजिस्टर लग्न! वर्ष फिरू द्यायचं होतं, सुरुची. मी आणखी काही मागितलं नव्हतं.

दिया मजेत आहे. तुझी आठवण फारशी काढत नाही.

यंदा घरात गणपती बसला नाही, दसरा नाही, दिवाळी नाही. बाल्कनीत आकाशकंदील लावला नाही. समोरच्या टॉवरवर लायटिंग बघून पोरगी दोन दिवस बाल्कनीत घुटमळली, मग म्हणाली, "इट्स ओके आजी, नेक्स्ट इयर." आता तिच्या शाळेत काहीतरी निघालं आहे. अमेरिकन शाळा, त्यामुळे नोव्हेंबरात त्यांचा सुगीचा सण, थँक्सगिव्हिंग. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून काही माणसं जहाजातून अमेरिकेला गेली, त्यांचं पहिलं पीक हाती आलं त्या जेवणाचा तो सण म्हणे. तिसरीच्या मुलांनी त्या माणसांचं रोजचं जगणं करून दाखवायचं आहे. प्रत्येक मुलाला त्या वस्तीतलं एकेक घर दिलं आहे. मी विचार केला, हा अभ्यास आहे, सण नव्हे. म्हणून हो म्हटलं.

तिला पांढरी टोपी लागणार आहे, कान झाकणारी. खालचा टेलर चाळीस दिरहम सांगतो, म्हणजे हजारभर रुपये झाले टोपीचे. शिलाई मशीन तू बरोबर नेलंस. मी मागत नाही, फक्त सांगते आहे.

कुमुद


अल मजाज
गुरुवार, १३ नोव्हेंबर

सुरुची,

टोपी पोचली. टाके बारीक आहेत. बरोबर निळा घागरा आणि लाल पोलकंही निघालं. मला वाटत होतं, ती माणसं काळे-पांढरे कपडे घालत असत, चित्रात तशीच असतात. दिया म्हणते ते चित्रवाल्यांनी उठवलेलं आहे, त्या बायका चांगल्या लाल-निळ्या-पिवळ्या कपड्यांत वावरायच्या. तुला हे कुठून कळलं कोण जाणे. म्हणजे ती तुझ्याशी फोनवर बोलते. माझ्यासमोर नाही बोलत, एवढंच.

घरात सध्या काहीच नेहमीसारखं चालत नाही. तुझी लेक त्या लोकांच्या पोरांसारखी राहते आहे. त्यांच्या घरात म्हणे खुर्ची एखादीच, ती बापाची. पोरं जेवायला बसत नसत, टेबलाशी उभी राहून जेवत, आणि आधी मोठ्यांना वाढत. आठ दिवस झाले, दिया उभी राहून जेवते आहे. आधी आजोबांना वाढते, मग मला, मग स्वतःला. दप्तरातून डबा काढून ठेव म्हणून जिला दहा वेळा सांगावं लागायचं, ती आता पाणी भरून ठेवते. काटे-चमचे बंद आहेत. त्या काळी काटे नव्हतेच, हाताने जेवायचे आणि हात पुसायला मांडीवर मोठं फडकं. ह्यांनी सांगितलं, म्हणजे आपल्यासारखेच की. ती म्हणाली, "नो आजोबा, दे हॅड बिअर ऑल्सो. इव्हन किड्स." साध्या पाण्याचा त्यांना भरवसा नव्हता, म्हणून सकाळपासून पातळ बिअर. आजोबांना त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली आहे.

गंमत बाजूला ठेव. रोज रात्री जेवताना ती एकेक गोष्ट सांगते आणि मला काम सुचेनासं होतं. फळ्या ठोकून केलेलं एका खोलीचं घर, वर गवताचं छप्पर. धूर घरातच. चूल विझू द्यायची नाही, कारण पुन्हा पेटवणं जिवावर यायचं. सहा-सात वर्षांच्या पोरांनी शेतावर पाखरं हाकायची, किनाऱ्यावरून शिंपले वेचून आणायचे. मका कसा लावायचा तेही त्यांना ठाऊक नव्हतं. तिथल्याच मूळच्या एका माणसाने शिकवलं, दाण्याबरोबर मासा पुरायचा.

आम्ही दोघं शहाऐंशी साली इथे आलो तेव्हा इथल्या रोला भागात एका खोलीत तीन संसार होते. मध्ये पडदे. मी दियाला हे सांगितलं, जरा फुशारकीनेच सांगितलं. तिने विचारलं, "हाऊ मेनी डाइड?" मी म्हटलं, कुणी नाही ग. "देअर हाफ डाइड, आजी. फर्स्ट विंटर." निम्मी माणसं.

तिचा पुढचा दात पडला. मला दिला नाही, कानातल्यांच्या डबीत कापूस घालून ठेवला आहे. तुला दाखवायलाच असणार. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की ती तुझी आठवण काढत नाही. तेवढं खोडून वाच.

सुट्टीचं मात्र माझं म्हणणं तेच आहे.

कुमुद


अल मजाज
गुरुवार, २० नोव्हेंबर

सुरुची,

आज रागात लिहिते आहे, म्हणून अक्षर असं आहे.

दियाला जे घर मिळालं आहे त्याचं शाळेने एक कार्ड दिलं आहे. पुढच्या बाजूला ते काय खात, काय घालत. मला वाटत होतं तेवढंच. सोमवारी ह्यांनी चष्मा लावून मागची बाजू वाचली आणि कार्ड पालथं घालून ठेवलं. काय आहे विचारलं तर म्हणाले, काही नाही, इतिहास. चाळीस वर्षं मी यांच्याबरोबर काढली आहेत. हे "काही नाही" म्हणाले की काहीतरी असतं. त्यांच्याकडूनच वाचून घेतलं.

दियाच्या घरात एक बाई आहे. बरोबर पाचेक वर्षांचा मुलगा आणि पाळण्यात बाळ, ते जहाजातच जन्मलेलं. पहिल्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, त्या बाईचा नवरा गेला. मार्चमध्ये शेजारच्या एका माणसाची बायको गेली. आणि मे महिन्यात या दोघांनी लग्न केलं.

फेब्रुवारी ते मे.

मी दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून शाळेत गेले. दियाच्या वर्गशिक्षिका मुनिबा म्हणून आहेत, पोरगेलीच आहेत, इथेच वाढलेल्या. मी माझ्या तोडक्या हिंदीत सुनावलं की आमच्या घरात काय झालं ते शाळेला ठाऊक आहे, मग माझ्या नातीलाच हे घर बरं मिळालं, ताबडतोब बदलून द्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. चिठ्ठ्या टाकल्या होत्या म्हणाल्या, मुलांनी आपापल्या उचलल्या. दियाने हे घर उचललेलं बघून त्या स्वतःच घाबरल्या होत्या.

"मैंने उसी दिन बोला था आंटी, कि बेटा, दूसरा ले लो," त्या म्हणाल्या. "उसने कहा, नो मिस, आय नो हाऊ दॅट हाऊस वर्क्स."

तिथून कशी बाहेर पडले मला सांगता येणार नाही. तलावाकाठच्या बाकावर बसून राहिले. घरी यायला उशीर झाला म्हणून ह्यांनी चार फोन केले.

घरी आल्यावर मी दियाला म्हटलं, त्या बाईला थोडा धीर धरता आला नसता का. आठ वर्षांची पोर, कपाळाला हात लावला तिने. म्हणाली, आजी, चुलीपाशी दिवसभर एक माणूस लागतं, शेतावर एक माणूस लागतं, लाकडं फोडायला एक, आणि बाळ कुणीतरी घ्यायला हवं. ती एकटी होती. त्या माणसाकडे चूल सांभाळायला कुणी नव्हतं. एवढं बोलून ती उभ्याउभ्या भात खायला लागली.

त्या बाईला व्हिसा लागत नव्हता, पण सरपण लागत होतं. रात्रभर माझ्या डोक्यात तेच. मार्च ते जुलै तू कशी राहिलीस ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. घराचा करार कुणालच्या नावावर, वीज त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, बँकेचं खातं गोठलेलं. रोज सकाळी फाइल घेऊन निघायचीस आणि चारला परत यायचीस ती घशाला कोरड पडलेली. मी आत बसून रडत होते, ते माझं काम होतं आणि ते मी नीट केलं. बाकीची कामं तू करत होतीस.

म्हणून मी शांत झाले असं समजू नकोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, मला माहीत आहे. माझा मुलगा गेला आहे आणि जग पुढे चाललं आहे, याचाच मला राग येतो. तू त्या जगात पुढे उभी आहेस, म्हणून तो तुझ्यावर निघतो.

कार्यक्रम बुधवारी सव्वीसला सकाळी आहे, शाळेच्या हॉलमध्ये. कळवायचं म्हणून कळवलं.

कुमुद


अल मजाज
गुरुवार, २७ नोव्हेंबर

सुरुची,

तू आली होतीस. शेवटून दुसऱ्या रांगेत, पिस्ता रंगाचा ड्रेस. आत येतानाच मला दिसलीस, नंतर मी वळून बघितलं नाही. वेद आत आला नाही, तेही मी पाहिलं. पार्किंगमध्ये उन्हात गाडीला टेकून उभा होता. इथल्या नोव्हेंबरचं ऊन काही फार नसतं, पण सावलीला जागा होती. आत येऊन मला अवघडायला नको, म्हणून तो माणूस तासभर बाहेर राहिला, एवढं मला कळतं.

दियाची पाळी येताच तू डोळे पुसत उठून गेलीस, हे ह्यांनी पाहिलं. म्हणजे पुढचं तू ऐकलं नाहीस. तेवढं सांगायलाच आज लिहिते आहे.

बाकीच्या आयांनी सुपरमार्केटमधून भोपळ्याचं सारण भरून भाजलेले गोड 'पम्पकिन पाय' आणले होते. मुनिबाबाईंनी तेव्हाच सांगितलं की मुलांनो, त्या लोकांकडे साखर संपलेली होती, गहू नव्हता, ओव्हन नव्हता, हे काही त्यांच्या पानात नव्हतं. दियाच्या भांड्यात मी दिलेली मक्याच्या भरड्याची लापशी होती, बिनसाखरेची, नुसतं मीठ. मी ती मुद्दाम तशी केली नव्हती. यंदा या घरात सणाचं गोड नाही, म्हणून साखरेला हात लावला नाही. ते तंतोतंत बरोबर निघालं. बाईंनी चमचाभर खाऊन बघितली आणि म्हणाल्या की हेच. चव म्हणशील तर काही खास नव्हती.

दियाने त्या घराचं सगळं सांगितलं. पाळणा, चूल, शिंपले. नवरा कधी गेला, लग्न कधी झालं, न अडखळता. मग म्हणाली की सुगीचं जेवण तीन दिवस चाललं होतं, तिथले मूळचे लोक नव्वद आले होते, आणि रांधायला मोठ्या बायका चारच उरल्या होत्या. बाकीच्या गेल्या होत्या. त्या चौघींनी सगळ्यांचं केलं. एका मुलीने विचारलं, त्या दुःखी नव्हत्या का. दिया म्हणाली, होत्या, दुःखी होत्या आणि स्वयंपाक करत होत्या.

मग एक मुलगा उठला, फहद म्हणून, तिच्याच बाकावर बसतो. त्याने विचारलं, त्या बाईला कुणी ओरडलं नाही का, इतक्या लवकर लग्न केलं म्हणून. मुनिबाबाई पुढे झाल्या, मला वाटतं त्या विषय बदलणार होत्या. दियाने टोपीची नाडी जरा सैल केली आणि म्हणाली, "देअर वॉज नोबडी टू शाउट. देअर वेअर नो आजीज इन दॅट व्हिलेज. ऑल द आजीज स्टेड बॅक इन इंग्लंड."

मुलं हसली. तीही हसली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आय हॅव वन. शी मेड धिस."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी पदर सावरून बसले होते. ओरडणारी म्हणून ओळख करून दिली की रांधणारी म्हणून, मला समजेना. ह्यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत चारचौघांत त्यांनी माझा हात धरलेला मला आठवत नाही.

मी तेव्हापासून त्या गावाचा विचार करते आहे. आज्या घरी राहिल्या म्हणून त्या पोरीला कुणी नावं ठेवली नाहीत. पण तिचा नवरा गेला त्या दिवशी तिचं बाळ कुणी घेतलं असेल? तिच्या नवऱ्याची आई तिकडे इंग्लंडात कुठेतरी असेल. तिला बातमी पोचायला किती काळ लागला असेल, आणि तोवर ती आई मुलगा जिवंत आहे असं समजून कामं करत असेल. जहाजात जन्मलेल्या नातवाचं तोंड तर तिने कधी बघितलंच नाही.

मला नात रोज दिसते. या गोष्टीचं मी काय केलं, ते मलाच बघायचं आहे. या आठवड्यात मला फोन करू नकोस. मी कळवेन.

आई


अल मजाज
गुरुवार, ४ डिसेंबर

चि. सौ. सुरुची हिस,

आज दोन्ही लिहिलं. हात जरा थबकला, पण लिहिलं.

गणवेशाचं माप पाकिटात आहे. कमरेला एक इंच जास्त घे, हल्ली ती दोनदा भात मागते.

एक काम तुमच्याकडे मागायचं आहे. आमच्या चिपळूणकडची आमच्या घरातली रीत अशी की घरात मृत्यू झाला की त्या वर्षी सण करायचा नाही. पण वर्षाच्या आत कुणी सोयरे घरी आले, गोड रांधून त्यांनी घरच्या वडीलमाणसाला पहिला घास भरवला, तर दुखवटा तिथे संपतो. घरच्यांनी स्वतः संपवायचा नसतो, बाहेरच्यानेच येऊन संपवायचा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी माझ्या नणंदेचे यजमान आले होते. हे सगळं तुला ठाऊक नसणार, कारण ही वेळ तुझ्यासमोर आलीच नाही.

या वेळी कोण येणार म्हणून मी बरेच दिवस मोजदाद करत होते. कुणालला बहीण नाही. ह्यांचे मामेभाऊ चिपळूणला, त्यांना इथे बोलावणं म्हणजे तिकिटं आली. मग विचार केला. सुनेच्या नवऱ्याला आपल्यात मुलगा म्हणतात. मुलगा मला एकच होता. तेव्हा तुला मी लेक धरते, म्हणजे वेदराव जावई झाले, आणि जावई म्हणजे बाहेरचे सोयरे. रीतीत बसतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, भटजींना विचारून घे. मी म्हटलं, भटजींचा मुलगा गेला आहे का?

बारा तारखेला, शुक्रवारी, दोघं जेवायला या. शिरा तुम्ही करून आणा. केळं घालू नका, ह्यांना चालत नाही. वेदरावांनी ह्यांना पहिला घास भरवायचा, आणि ते नको-नको करतील, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. मला कुणी भरवला नाही तरी चालेल.

जाताना दियाला घेऊन जा. बॅग भरून ठेवते.

मी चुकले असं मी लिहीत नाही. वर्ष फिरू द्यायला हवं होतं, हे माझं मत मरेपर्यंत राहील. पण मत आणि पोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मताला धरून बसायला मला कुणाची हरकत नाही. तिला धरून बसले तर ती मोठी होऊन फहदसारख्या एखाद्याला काय सांगेल, ते मी त्या हॉलमध्ये ऐकलं आहे.

आई


अल मजाज
गुरुवार, १८ डिसेंबर

चि. सौ. सुरुची आणि चि. वेदराव यांस आशीर्वाद,

खैरुद्दीनबरोबर लिंबाचं लोणचं, मेतकूट आणि दियाचा राहिलेला रेनकोट पाठवते आहे. तिकडे पाऊस पडतो म्हणतात.

शुक्रवारचं सगळं तुमच्यासमोरच झालं, ते परत काय लिहायचं. तुम्ही गेल्यानंतरचं तेवढं सांगते. हे लिफ्टपर्यंत आले होते, नंतर बराच वेळ घरात आले नाहीत. मी बघायला गेले तर लिफ्टसमोर उभे. लिफ्ट येत होती, दार उघडत होतं, परत मिटत होतं. मी शेजारी उभी राहिले. आत आल्यावर उरलेला शिरा त्यांनी पातेल्यातूनच खाल्ला, गार झालेला. तुमच्यासमोर एका घासावर हात आखडला होता. वेदराव, तुमचा हात थरथरत होता हे त्यांनी मला नंतर सांगितलं. म्हणाले, पोराला सवय नसेल कुणाला भरवायची. मी म्हटलं, असेल, शेवटी शेवटी त्याने अस्मीला भरवलं असेलच.

घर फार मोठं वाटतं. जेवणं पटकन उरकतात, वाढायला कुणी नाही. मला तिची फार आठवण येते, हे सरळ लिहिते. रात्री खोलीत जाऊन पंखा बंद करते, आणि मग आठवतं की तो मी मघाशीच बंद केला होता.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते. आदल्या संध्याकाळी बॅग भरत होतो. दिया पलंगावर पालथी पडून मला त्या लोकांच्या गोष्टी सांगत होती, नेहमीसारखं. म्हणाली, आजी, एक गोष्ट मी शाळेत सांगितली नाही. मिस म्हणतात की ती खरी असेलच असं नाही. पहिल्या हिवाळ्यात जी माणसं गेली, त्यांच्या कबरी त्यांनी सपाट करून टाकल्या. वर दाणे पेरले. बाहेरून बघणाऱ्याला कळू नये की आपल्यातली किती माणसं गेली, म्हणून. "सो नोबडी कुड काउंट," म्हणाली. शेत झालं तिथे.

मी घड्या करत होते, ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाली, बाबाची पण जागा नाही ना कुठे. मी म्हटलं, त्याच्या अस्थी चिपळूणला वाशिष्ठी नदीत सोडल्या, तू मोठी झालीस की नेईन. ती हं म्हणाली. मग मॅट्रेसमध्ये तोंड खुपसून तिने विचारलं, "आजी, इज इट ओके टू से बाबा इन दॅट हाऊस?"

सुरुची, वर्षभरात मी पुष्कळ रडले. त्या वेळी मात्र मला रडता आलं नाही. पोरगी हा प्रश्न घेऊन किती दिवस फिरत होती, कुणास ठाऊक. तुला वाईट वाटेल म्हणून तुला विचारला नसेल. वेदरावांना वाईट वाटेल म्हणून त्यांनाही नाही. आणि मला विचारला तो बॅग भरत आल्यावर.

मी तिला म्हटलं, हो. बाबाचं नाव मोठ्याने घ्यायचं. भाजीत मीठ जास्त झालं की घ्यायचं, त्याला मीठ कळायचंच नाही. गाडीची किल्ली सापडली नाही की घ्यायचं. आई हसली तर घ्यायचं आणि रडली तरी घ्यायचं. वेद अंकलना चालेल का, तिने विचारलं. मी म्हटलं, मी त्यांच्याशी बोलले आहे, त्यांनी हो म्हटलं.

मी बोलले नव्हते, वेदराव. तुम्हाला न विचारता तुमच्या तोंडी हो घातला. पोर तो हो बरोबर घेऊन तुमच्या घरी आली आहे.

तो खरा करा.

आई